पगारी कारकून की दूरस्थ साहाय्यक? वाटूरच्या दुकानाचा हिशेब



जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर लागते. तालुका परतूर. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तूर. हा जिल्हा बियाण्यांचा म्हणून ओळखला जातो. बदरीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात 'महिको'ची स्थापना केली आणि तेव्हापासून बियाणे, खते व औषधे यांचा व्यापार येथील बाजारपेठेचा कणा झाला. त्यामुळे आजच्या विषयासाठी उदाहरण घ्यायचे ते कृषी सेवा केंद्राचेच घेणे योग्य ठरेल.

समजा, वाटूरमध्ये असे एक दुकान आहे. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, हाताखाली एक पोरगा आहे. कागदपत्रांसाठी त्याला एक कारकून हवा आहे. पुण्यात शिकणारा भाचा सांगतो, "मामा, माणूस कशाला ठेवता? आता व्हर्च्युअल असिस्टंट मिळतात. कुठेतरी दूर बसून तासाच्या दराने सगळे करून देतात. निम्मा खर्च वाचतो." हा निम्मा खर्च नेमका कोठे वाचतो, हे तपासण्यासारखे आहे.

ही कल्पना मूळची या मातीतली नव्हे. २००५ मध्ये थॉमस फ्रीडमन यांचे 'द वर्ल्ड इज फ्लॅट' प्रसिद्ध झाले. बंगळुरूत बसून अमेरिकेतील अधिकाऱ्यांची कामे करून देणाऱ्या 'ब्रिकवर्क'चा उल्लेख त्यात आहे. कर्नाटकाचे माजी माहिती-तंत्रज्ञान सचिव विवेक कुलकर्णी हे तिचे संस्थापक. अमेरिकन माणसाचा त्यात मोठा फायदा होता, कारण तो डॉलरमध्ये कमावत होता आणि मोबदला रुपयाच्या हिशेबाने देत होता. वाटूर आणि पुणे यांच्यात असा विनिमय दर नाही. असलाच तर उलटा आहे! पुण्यातील साहाय्यकाला तेथील घरभाडे भरायचे असते, त्यामुळे त्याचा तासाचा दर वाटूरच्या कारकुनापेक्षा जास्तच असणार.

परदेशी हिशेबातील दुसरा मुद्दा पगाराबरोबरच्या बांधिलकीचा. आपल्याकडे तो आकड्यांत मांडून पाहू. पगार १५,००० रुपये धरा. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८००; त्यावर विमा व प्रशासन खर्चाचा आणखी एक टक्का, १५०. राज्य विमा योजना जेथे लागू आहे तेथे सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८. बोनस किमान ८.३३ टक्के, संपूर्ण पगारावर धरला तर महिन्याला १,२५०. उपदान, अर्थात ग्रॅच्युइटी, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि तोही महिन्याचे दिवस सव्वीस धरून. म्हणजे महिन्याकाठी ७२१. एकूण १९,४०९. पगाराच्या वर जवळपास २९ टक्के! दूरस्थ साहाय्यकाला यातील काहीच द्यावे लागत नाही, म्हणून तो स्वस्त, असा हा युक्तिवाद आहे.

पण ही कलमे लागू कोणाला होतात? भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस साधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना, राज्य विमा आणि उपदान दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे. जुने कामगार कायदे चार संहितांत गुंफले गेले आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तरी हे उंबरठे तेच राहिले. एखाद्या जिनिंग कारखान्याला किंवा जालन्याच्या लोखंड उद्योगाला हा हिशेब लागू पडेल. वाटूरच्या दुकानात माणसे दोन! तेथील कारकुनाला ना निधी, ना विमा, ना उपदान. दिवाळीला मालक मनाने एक पगार देईल तेवढाच. म्हणजे जी बचत म्हणून भाचा सांगतो आहे, ती या दुकानात आधीपासूनच 'झालेली' आहे. तिची किंमत तो कारकून म्हातारपणी मोजणार आहे. गावोगावच्या लहान दुकानांत हेच चित्र आहे आणि त्याबद्दल कोणाला फारसे काही वाटत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

मग लहान दुकानदाराचे वाचते काय? वाचतात ते रिकामे तास. दिवाळीचा पगार धरून कारकून महिन्याला १६,२५० रुपयांना पडतो. सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला सुमारे ७८ रुपये. दूरस्थ साहाय्यकाचा दर तासाला २०० धरू. दर अडीचपट असूनही, महिन्याचे काम ८१ तासांपेक्षा कमी असेल तर साहाय्यक परवडतो. रोजचे तीन तास ही ती सीमारेषा आहे. त्याखाली साहाय्यक, त्यावर कारकून. पण मालकाने आपल्या दुकानात कागदाचे काम खरोखर किती तास चालते हे घड्याळ लावून कधी मोजलेले असते का? बहुधा नसते. एक महिना वहीत टिपून ठेवले तरी निम्मा वाद मिटतो.

यापुढचा प्रश्न कामाच्या जातीचा आहे. दुकानाचा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. बियाण्यावर वस्तू व सेवा कर नाही, रासायनिक खतावर पाच टक्के, रासायनिक कीटकनाशकावर अठरा. ही बिले नोंदवणे, साठ्याचा मेळ घालणे, विवरणपत्राची तयारी करणे, कंपन्यांना पत्रे पाठवणे, हे सारे कोल्हापुरात बसूनही करता येते. पण खताचे पोते विकताना यंत्रावर शेतकऱ्याचे आधार पडताळावे लागते. अनुदान कंपनीला विक्रीनंतर मिळावे म्हणून २०१८ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली. तो अंगठा दुकानातच लागणार. मृगात दारापुढे रांग लागते तेव्हा दूरवरचा हिशेबनीस पोते उचलायला येत नाही, की यंत्राला रेंज मिळेना म्हणून चिडलेल्या माणसाला पाणीही देत नाही.

आणि उधारी! खेड्यातील दुकानाचा खरा व्यवहार उधारीच्या वहीत असतो. अनोळखी आवाजाने फोन करून "आपली बाकी इतकी इतकी आहे" असे सांगितले, तर आधीच गांजलेला शेतकरी दुखावेल आणि पुढच्या हंगामात फाट्यावरच्या दुसऱ्या दुकानात जाईल. कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोणाची सोयाबीन पावसात भिजली, कोणाला आज विचारायचे आणि कोणाला पोळ्यानंतर, हे गावातल्या माणसालाच कळते. या ज्ञानाला तासाचा दर लावता येत नाही. शिवाय त्या वहीत लोकांची नावे, मोबाइल व आधार क्रमांक असतात. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानुसार, काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी सोपवणाऱ्याचीच राहते. ती यादी दुकानाबाहेर जाऊ न देणेच शहाणपणाचे.

आता हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहू. वाटूरसारख्या गावातून पदवीधर मुले-मुली पुण्याला जातात. दहा-बारा हजार खोलीत आणि खानावळीत घालवून उरलेल्या पैशांवर दिवस काढतात. लग्न होऊन गावी आलेली वाणिज्य पदवीधर सून तर घरातच अडकते. वाटूर दूरस्थ साहाय्यक घेण्यापेक्षा दूरस्थ साहाय्यक देणारे गाव झाले तर? पुण्यातल्या एखाद्या सनदी लेखापालाची नोंदणीची कामे ती घरून का करू नये? मात्र येथेही हिशेब कडक ठेवावा. चाळीस हजारांचा लॅपटॉप चार वर्षे टिकला तर महिन्याला ८३३ रुपये. इंटरनेट, वीज गेल्यावर लागणारा इन्व्हर्टर, आणि नवे काम शोधण्यात जाणारे बिनपैशाचे तास वेगळे. कार्यालयाचा खर्च नाहीसा होत नाही, तो तिच्या माजघरात येऊन बसतो.

येथे तेनकाशीचे उदाहरण आठवते. श्रीधर वेम्बू यांच्या 'झोहो'ने २०११ मध्ये तमिळनाडूतील या भागात कार्यालय उघडले. त्याचे कौतुक सर्वत्र होते, पण एक तपशील सहसा सुटतो. कंपनीने तेथील तरुणांना तासाच्या दराने घेतले नाही, कर्मचारी म्हणून पगारावर घेतले. काम गावात आले आणि बांधिलकीही त्याबरोबर आली.

वाटूरच्या दुकानदाराकडून एवढी अपेक्षा करता येणार नाही. पण दर ठरविताना एक गोष्ट त्याला करता येते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या व्यक्तीला सामील होता येते. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली, तर साठीनंतर दरमहा ५,००० रुपयांसाठी महिन्याचा हप्ता ३७६ रुपये पडतो. काम ७५ तासांचे असेल आणि दुकानदाराने तासाचे २०० ऐवजी २०५ रुपये देऊ केले, तर महिन्याला ३७५ रुपये जास्त जातात. हप्त्याला एक रुपया कमी पडतो, तो तिने घालावा.