भयकथेमागचे खरे भय
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी मराठीचा शिक्षक. आमच्या वाचनालयात नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा पाने सुटेपर्यंत वाचल्या जातात. "सर, असलं वाचून पोरं बिघडतील," अशी पालकांची तक्रार असते. म्हणून आज एका भयकथेविषयीच बोलतो. तिच्या मुळाशी भूत नाही, आजार आहे.

शार्लट पर्किन्स गिलमन ही अमेरिकन लेखिका. १८८५ साली तिला मुलगी झाली आणि तिचे मन खचत गेले. १८८७ साली तिने फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर वेअर मिचेल यांचे उपचार घेतले. उपचार म्हणजे सक्तीची विश्रांती. घरी पाठवताना त्यांनी बजावले की, घरसंसारातच राहा, दिवसातून दोनच तास बौद्धिक काम करा आणि जन्मात लेखणीला हात लावू नका. तिने हे पथ्य सुमारे तीन महिने पाळले आणि वेडाच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचली. शेवटी पथ्य मोडून तिने काम सुरू केले, तेव्हा कुठे ती सावरली.

या अनुभवावरून लिहिलेली 'द यलो वॉलपेपर' ही तिची कथा १८९२ साली प्रसिद्ध झाली. एका आजारी बाईला तिचा डॉक्टर नवरा माडीवरच्या खोलीत विश्रांतीसाठी ठेवतो. खिडक्यांना गज, भिंतीला पिवळा कागद. कागदावरच्या नक्षीमागे कोंडलेली एक बाई तिला दिसू लागते. नवरा दुष्ट नाही. तो तिच्यावर माया करतो, पण तिचे म्हणणे काही केल्या खरे मानत नाही. कथेतले खरे भय ते हे.

१९१३ साली गिलमनने लिहिले की, असले भास तिला स्वतःला कधी झाले नव्हते, ती भर कल्पनेची होती. अशी कथा वाचून माणसाला वेड लागेल, असा आक्षेप एका डॉक्टरने घेतला होता. तिचे म्हणणे असे की, कथा लिहिली ती लोकांना वेडापासून वाचवण्यासाठीच.

आता माझी एक कबुली. संबंधिताची परवानगी घेऊन सांगतो. नववीतल्या एका मुलाने मला एक कथा दाखवली होती. कथेतल्या मुलाला रात्री छतावरून कुणीतरी हाका मारते आणि घरात दुसऱ्या कुणालाही त्या ऐकू येत नाहीत. मी लाल शाईने शुद्धलेखन तपासले, 'कल्पना छान' असा शेरा दिला आणि वही परत केली. महिन्याभरात मुलगा शाळेत येईनासा झाला. घरच्यांना वाटले, बाहेरची बाधा आहे. गंडे-ताईत करण्यात दोन वर्षे गेली, मग दवाखाना झाला. आज तो नियमित औषध घेतो आणि नोकरीही करतो. पण ती दोन वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. "ही गोष्ट कुणाची रे?" एवढे मी विचारायला हवे होते.

विद्यार्थ्यांनो, भयकथा लिहिणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण मनातली भीती सरळ सांगता येत नसेल तर ती कथेत लिहा आणि विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला दाखवा. मात्र लेखन म्हणजे औषध नव्हे. लिहिती राहूनही गिलमनला त्या आजाराचा त्रास जन्मभर पुरला. तेव्हा डॉक्टरांकडे जायला लाजू नका. २०२२ सालापासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६.

पालकांनो, "लोक काय म्हणतील", "लग्न कसं जमेल" या धाकाने आजार दडवू नका. दुआ जरूर करा, पण दवाही करा. आणि मुलाने भयकथा लिहून आणली, तर वही फेकण्याआधी त्याला जवळ बसवून शेवटपर्यंत ऐका.