बांधावरची नक्षी, वहीतला हिशेब

गहू-हरभरा घरात आला, दुपारी हात जरा मोकळे झाले. आमच्या गटानं सध्या उशीचे अभ्रे भरायला घेतलेत. नक्षी शोधायला आम्ही लांब गेलो नाही, बांधावरच बघितलं. पळसाच्या पाकळीला केशरी साखळी टाका, आंब्याच्या मोहोराला गाठीचा टाका आणि पायवाटेला आपल्या गोधडीचाच धावदोरा.

कापड आधी धुऊन वाळवा, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. लाल-केशरी दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग लागला तर तो दोरा वापरू नका.

आता पैशाचं. "घरबसल्या तर करता," असं म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतं. म्हणून आम्ही प्रत्येक अभ्र्याला किती वेळ लागला ते वहीत लिहितो. समजा, कापड-दोऱ्याला ७० रुपये लागले आणि भरायला-शिवायला ६ तास गेले. तासाला ४० रुपये धरले तर मजुरी २४० रुपये. म्हणजे अभ्रा ३१० रुपयांना पडला. त्याच्या खाली विकला, तर आपली मजुरी आपणच कापली. तेव्हा बायांनो, उद्या दुपारी सुई ओवायच्या आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा.