डाव मांडला कोणी?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



'त्याच्यावर सक्ती कोणी केली होती?' हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना वारंवार ऐकावा लागतो. कंत्राटी कामगाराने करारावर अंगठा स्वखुशीने उमटविला, शेतकऱ्याने पडत्या भावात माल आपण होऊन विकला; मग तक्रार कसली? या युक्तिवादाचा विचार करताना मी आज अर्थशास्त्राचे ग्रंथ बाजूला ठेवून, मुले सुटीत खेळतात त्या 'व्यापारा'च्या पटाकडे आपले लक्ष वेधणार आहे.

या खेळाचे मूळ अमेरिकेतील 'मोनोपॉली'. त्यात पावलोपावली निवड करावी लागते. ही जागा घ्यावी की सोडावी? घर बांधावे की रोकड राखावी? प्रत्येक निर्णय खेळणाऱ्याचा स्वतःचा. तरीही चार उदार माणसे खेळोत वा चार कंजूष, डाव तडीस नेला तर शेवट एकच: एकाच्या हाती सारा पट आणि बाकीचे दिवाळखोर. जमीन घ्यायचीच नाही असे ठरविणाऱ्याला दुसऱ्यांच्या जमिनीवर भाडे भरीत फिरावे लागते. फासे न टाकण्याची निवड तर पटावर नाहीच. (मुले कंटाळली तर उठून जातात, भूमिहीनाला ती सोय नाही.)

जिंकणाऱ्याला मात्र हे दिसत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल पिफ यांनी २०१३ सालच्या एका व्याख्यानात आपला प्रयोग सांगितला आहे. दोघांच्या डावात नाणे उडवून एकाला दुप्पट पैसा, फेरीमागे दुप्पट पगार आणि दोन फासे दिले. दुसऱ्याला एकच फासा. अर्थात पहिला जिंकला. पुढे कारण विचारता असे विजेते आपण कोणत्या जागा कशा हुशारीने घेतल्या ते सांगू लागले. नाण्याची आठवण त्यांना राहिली नव्हती.

आता या पटाची जन्मकथा. लिझी मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ साली 'द लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचे पेटंट घेतले. ती हेन्री जॉर्जची अनुयायी. जमिनीचे मोल मालकाच्या श्रमाने नव्हे, समाजाच्या वाढीने वाढते. म्हणून तो वाढावा कररूपाने समाजाकडे यावा, हा जॉर्जचा १८७९ सालच्या ग्रंथातील सिद्धांत. तो समजावा म्हणून बाईंनी नियमांचे दोन संच केले. एकात मक्तेदार जिंकतो. दुसऱ्यात कोणी जमीन मिळविली की लाभ सर्वांना होतो, आणि सर्वांत गरीब खेळाडूचे भांडवल दुप्पट झाले की सर्वच जिंकतात. माणसे तीच, फासे तेच. पण पहिल्या संचात शहाणपणाची ठरणारी चाल दुसऱ्यात निरर्थक होते.

पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९३५ मध्ये चार्ल्स डॅरो या गृहस्थाकडून 'मोनोपॉली' विकत घेतला, आणि बाईंचे पेटंट ५०० डॉलरना. डॅरोच जनक म्हणून मिरवला. खरी हकीकत उजेडात आणली राल्फ अन्स्पाख यांनी, १९७०च्या दशकात कंपनीशी कोर्टात झगडताना. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, याचा मला व्यवसायबंधू म्हणून किंचित अभिमान वाटतो!

कोणी म्हणेल, दुसरा संच हेही बंधनच. मान्य आहे. नियमांवाचून खेळ नाही. परंतु मॅगीबाईंनी दोन्ही संच खेळणाऱ्यांपुढे ठेवले होते. १९३५ नंतर बाजारात आलेल्या पेटीत एकच होता.