रोजचा हिशेब



संसदीय शासनपद्धतीची रचना सांगताना आपण सामान्यतः राष्ट्रपतींपासून आरंभ करतो आणि मंत्रालयांपाशी येऊन थांबतो. ही मांडणी चुकीची नव्हे. परंतु या पद्धतीचा प्राण तीत सापडत नाही. तो राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदातील एका लहानशा तरतुदीत आहे. मंत्रिपरिषद ही लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असे ती तरतूद सांगते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या जबाबदारीचे मर्म उलगडून दाखविले. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी व्यवस्था अद्याप सापडलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब दोनदा घेतला जातो. निवडणुकीच्या वेळी तो मतदार घेतात. एरवी प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव आणि अविश्वासाचा ठराव या साधनांनी सभागृहाचे सदस्य तो रोज घेतात. या रोजच्या हिशेबासाठी मसुदाकारांनी स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला अधिक मान दिला.

त्या निवडीचे मोल देशाने पुढे चुकविलेही. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० मतांनी फेटाळला गेला. एका मताने सरकार गेले आणि त्याच वर्षी देशाला पुन्हा निवडणुकीस सामोरे जावे लागले. अनेकांना ही व्यवस्थेची दुर्बलता वाटली. वस्तुतः व्यवस्थेने आपले काम चोख बजावले होते.

खरी चिंता निराळी आहे. पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची जोडण्यात आली. तिच्यामुळे पक्षादेशाविरुद्ध पूर्वपरवानगीवाचून मत देणाऱ्या सदस्यास आपले सदस्यत्व गमवावे लागू शकते. आयाराम-गयारामांचा बाजार रोखणे आवश्यक होते, यात संशय नाही. परंतु सत्ताधारी बाकांवरील सदस्याला आपल्याच सरकारविरुद्ध मत देणे दुष्कर झाले, तर रोजचा हिशेब मागण्याचे ओझे एकट्या विरोधी पक्षावर पडते. सभागृहाची बैठक भरलीच नाही किंवा प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला, तर तेही साधन हातचे जाते.

मग उरतो तो पाच वर्षांनी होणारा हिशेब. तेवढ्यावरच भागवायचे असते, तर घटनाकारांनी स्थैर्यच पसंत केले नसते काय?