मुखावरील मुरूम व शिक्षक

सातवी-आठवीच्या वर्गात मान खाली घालून मागे बसणारे एखादे मूल बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे असते. उत्तर येत असूनही हात वर होत नाही. कारण चेहऱ्यावर मुरूम आले आहेत, आणि त्यावरून वर्गाने नाव ठेवले आहे. आरशासमोर नखांनी मुरूम पिळण्याचा उद्योग पुष्कळदा यातूनच सुरू होतो.

या वयात त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल निर्माण करतात. ते तेल व मृत पेशी यांनी केसाच्या मुळाचे छिद्र बुजते, आत जंतू वाढतात व सूज येते. रक्त बिघडल्याचा अथवा मूल अस्वच्छ असल्याचा तो पुरावा नव्हे.

मुरूम दाबला म्हणजे पू बाहेर येतो, एवढेच मुलाला दिसते. परंतु दाब आतल्या बाजूसही पडतो. छिद्राची नाजूक भिंत फुटते, आतील द्रव्य खोल थरात पसरते आणि मोहरीएवढ्या पुटकुळीची दुखरी गाठ बनते. सावळ्या त्वचेवर काळा डाग कित्येक महिने राहतो. खड्डा पडल्यास तो बहुधा कायमचा. नाक व वरचा ओठ येथील शिरांचा मेंदूजवळील शिरांशी संबंध असल्याने तेथील फोड पिळणे विशेष धोक्याचे. असा प्रसंग विरळा, पण प्राणावर बेतणारा असतो.

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातील मुले बांधीतून घामाने व चिखलाने माखून परततात. तोच हात चेहऱ्यास लागू नये. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा, न घासता, तोंड धुवावे. डोक्याचे तेल कपाळावर उतरू देऊ नये. दुखऱ्या मुरुमावर कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके काही वेळ ठेवावे. चुना, लिंबू, टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते. गोरे करणारी म्हणून मिळणारी स्टेरॉइडयुक्त मलमे तर मुरूम वाढवितात; अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री केंद्र सरकारने २०१८ साली बंद केली, तरी ती घरोघर आढळतात.

गाठी वा खड्डे दिसू लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. औषधाचा गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, हे पालकांस आधीच सांगावे. अन्यथा आठवड्यात औषध सुटते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हाही अशी मुले दाखविता येतील. मात्र त्यांची नावे वर्गात मोठ्याने वाचू नयेत.