लय खेळणाऱ्याच्या हाती



व्हिडिओ गेमविषयीच्या संमेलनात नाशिकमध्ये बोलायचं तर सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करायला हवी. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या माणसाने १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ, दिवसाला एक चौकट या हिशेबाने, त्याची वाढ टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं. ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट त्यांनी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी केला होता. त्यात कथा नव्हती, नट नव्हते. काळाचा वेग माणसाला बदलता येतो, एवढंच त्यात होतं आणि ते पुरेसं ठरलं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत लागला. त्यानंतर फाळके आपला सगळा पसारा घेऊन नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’ इथे तयार झाला.

त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं. चित्रण करताना हात संथ पडला की पडद्यावरची माणसं धावायची, हात जलद चालला की रेंगाळायची. लय अक्षरशः मनगटात होती. पुढे बोलपट आला, आवाजासाठी वेग पक्का बांधावा लागला, सेकंदाला २४ चौकटी ठरल्या आणि ते हँडल अडगळीत गेलं. व्हिडिओ गेमने ते पुन्हा बाहेर काढलं आणि या खेपेला थेट बघणाऱ्याच्या हातात दिलं, असं मी मानते. खेळाची लय रचणारा मांडतो, पण ती पुरी करतो खेळणारा. आज मला याच भागीदारीविषयी बोलायचं आहे.

या भागीदारीचा मला सर्वात आवडणारा दाखला १९७८ चा आहे. जपानमध्ये टोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. पडद्यावर परग्रहावरचे ५५ शत्रू, अकराच्या पाच ओळी. त्या यंत्राची ताकद इतकी तोकडी, की एका फ्रेममध्ये एकच शत्रू पुढे सरकवता यायचा. सेकंदाला सुमारे ६० फ्रेम, म्हणजे सगळ्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागायचा. खेळणारा एकेक शत्रू टिपू लागला की उरलेल्यांची पाळी लवकर येई. फौज निम्मी झाली की चाल दुप्पट. शेवटचा एकटा उरला की तो अक्षरशः सुसाट. आपण जिंकत चाललोय, म्हणूनच खेळ अवघड होत चाललाय! खाली खर्जातले चार स्वर वाजत असतात, त्यांची लयही वाढत जाते. यंत्राच्या दुबळेपणातून आलेली ही गोष्ट निशिकादोंनी ‘दुरुस्त’ केली नाही, ती खेळात ठेवली. विलंबितातून द्रुताकडे जाणारी बढत आपल्याला मैफलीतून ठाऊक आहे. इथे ती बढत खेळणाऱ्याच्या प्रत्येक अचूक नेमातून होते, आणि हे मैफलीत बसलेल्या श्रोत्याच्या वाट्याला कधी येत नाही.

आता उलट बाजू. लय खेळणाऱ्याच्या हातात द्यायची, तर तो हात चुकणार हे धरून चालावं लागतं. २०१८ चा ‘सेलेस्ट’ घ्या. डोंगर चढणाऱ्या मुलीचा अतिशय कठीण खेळ आहे तो. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत उडीचं बटण दाबलं तर उडी मानली जाते. बटण अंमळ लवकर दाबलं, तर पाय जमिनीला टेकेपर्यंत खेळ ती आज्ञा लक्षात ठेवतो. खेळणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, आपला हात बरोबर पडला असंच त्याला वाटतं. गायक मात्रा-दोन मात्रा पुढेमागे झाला तरी समेवर त्याला अलगद उतरवून घेणारा तबलजी जे करतो, तेच हे. एका फ्रेमचा वेळ सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा, आणि तेवढ्यात माणुसकी दाखवायला जागा असते, हे प्रोग्रामर मित्रांनी कधी विसरू नये.

थांबण्याचंही तसंच. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये ठोसा लागतो त्या क्षणी मारणारा आणि खाणारा दोघेही काही फ्रेम गोठतात. डोळ्याला तो थांबा दिसतही नाही, पण ठोशाला वजन येतं ते त्यामुळेच. तो थांबा काढून टाकला, तर नुसती हात-पाय हलवणारी चित्रं उरतील.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या खेळांच्या नामांकनांत तो होता. राजी ही कसरती करणारी नट मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधत निघते. खेळात त्रिशूळ घेऊन झुंजायचं आहे, खांबांना गिरक्या घेत लढायचं आहे. पण माझ्या मते या खेळाचं खरं बळ झुंजींमध्ये नाही. लढाई संपते, आपण एका भिंतीपाशी येतो. भिंतीवर चित्रं असतात, आपण थांबतो आणि दुर्गा व विष्णू त्या चित्रातली कथा सांगू लागतात. पुढे निघून जायचं तर जाता येतं, पण पाय निघत नाही. कीर्तनात निरूपण रंगात आलं असताना बुवा थबकतात आणि आख्यान लावतात, ती जागा मला इथे ओळखू येते. काही झुंजी मला लांबलेल्या वाटल्या, भिंतीपुढचे ते थांबे मात्र एकदाही नाही.

मंडळी, हाच विसावा आज विकायला काढला आहे. ‘कँडी क्रश सागा’त पाच ‘लाइफ’ मिळतात. त्या संपल्या की एक परत मिळायला ३० मिनिटं थांबायचं, नाहीतर पैसे मोजायचे. हाही थांबा आहे, पण तो खेळाच्या आत नाही, खिशापाशी आहे. त्यातून खेळणाऱ्याला दम मिळत नाही, तगमग मिळते. याच्यापेक्षा शेवटपर्यंत तगून राहायचा ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ मला कितीतरी प्रामाणिक वाटतो. पालक त्याच्यावर रागावतात, तो राग मी समजू शकते. पण त्याची रचना नीट पाहा: आधी बराच वेळ शांतता, सामान गोळा करणं, मग ‘झोन आला’ ही आरोळी, धावपळ, पुन्हा उसंत आणि प्रत्येक फेरीला सुरक्षित जागेचं वर्तुळ लहान. शेवटच्या वर्तुळात श्वास रोखला जातो, कारण आधीची उसंत खरी होती. मुलं इतकी गुंतून का जातात, हे ज्यांना समजून घ्यायचं आहे त्यांनी एकदा शेजारी बसून हा आलेख पाहावा.

आणि आता नाशिककरांकडे माझं मागणं. जपानमध्ये नामकोने २००१ मध्ये ‘तायको नो तात्सुजिन’ काढला. त्यात खराखुरा ढोल समोर असतो. लाल खूण आली की मध्यावर मारायचं, निळी आली की कडेवर. तो जगभर गेला. नाशिक ढोलाचं नाव तर घरोघरी ठाऊक आहे, आणि त्याचा असा खेळ अजून माझ्या हाती पडलेला नाही. गणपतीच्या आधी सराव चालतो तेव्हा जाऊन बघा. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, आणि सगळ्यांचे कान ताशाकडे. ताशावर तर्री घुमली की पुढचा ठेका कोणता ते कळतं आणि शेकडो हात एका क्षणात बदलतात, किंवा एका क्षणात थांबतात. तो थांबा ज्याला जमला तो पथकात मुरला. तायकोमध्ये पडद्याच्या खुणेला उत्तर द्यायचं असतं, इथे शेजारच्या माणसाला द्यायचं असतं. गुण नेमक्या ठोक्याला नाहीत, मिळून वाजण्याला, असा खेळ रचता येईल. त्याला मोठं भांडवल लागणार नाही, चांगला कान लागेल.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. खेळ पुरता तयार झाल्यावर ‘जरा संगीत घाला, जरा संवाद लिहा’ म्हणून आम्हा लेखक-कलावंतांना बोलावू नका. कागदावर पहिली आखणी होते त्या दिवशी ताशेवाल्याला बोलवा, तबलजीला बोलवा, कीर्तनकाराला बोलवा, नाटककाराला बोलवा. वसंत कानेटकरांनी ज्या गावात राहून नाटकं लिहिली, त्या गावात प्रवेशाचा पडदा कधी पाडावा हे कळणारी माणसं आजही आहेत. आणि साहित्यिक मित्रांनो, तुम्हाला बोलावणं आलं तर ‘हे पोरांचं काम’ म्हणून टाळू नका. कंट्रोलर हातात घ्या, एक खेळ शेवटपर्यंत खेळा आणि मगच लिहायला बसा.