पलटणींच्या इतिहासात आपली नावे
(पालक मेळाव्यातील भाषण)



तिकिटे व नाणी जमविणारे आपल्या मीरा-भाईंदरातही पुष्कळ आहेत. आज एका निराळ्या छंदाविषयी सांगतो. लष्करी पलटणींचे जुने इतिहासग्रंथ, त्यांतही लेखकाने अगर अधिकाऱ्याने सही केलेल्या प्रती, जमविणारे लोक आहेत. असे ग्रंथ थोडेच छापले जात, म्हणून सहीच्या प्रतीला मोल येते.

प्रत घेताना सही भिंगाखाली पाहावी. लेखणीची शाई कागदात मुरते, कडेला किंचित पसरते. छापील सही सर्वत्र एकसारखी दिसते. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर ती प्रत रीतसर विकली गेली आहे काय, हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत.

परंतु सही बहुधा साहेबाची असते. आपली माणसे शोधायची तर आतली पाने व परिशिष्टे चाळावी लागतात. पहिल्या महायुद्धाच्या काळी मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही भरती होत. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी इराकातील कूत येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. कैदेतही अनेक शिपाई दगावले. नोकरी परक्या सरकारची होती, पुष्कळांनी ती पोटासाठी केली. म्हणून त्यांची नावे विसरावीत असे नाही.

पालकांनो, गावच्या घरातील जुनी पेटी एकदा उघडून पाहा. त्या युद्धाचे चांदीचे पदक निघाले तर ते मोडीत घालू नका. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठसविलेली असते. चांदी वितळली की नावही गेले!

विद्यार्थी मित्रांनो, पलटणीचे नाव मिळाले की शोध सुरू करता येतो. मात्र १९२२ साली क्रमांक बदलले. १०३ वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी. दोन्ही नावांनी शोधा. लेफ्टनंट कर्नल अभ्यंकर यांचा मराठा लाइट इन्फंट्रीवरील इंग्रजी ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यापासून आरंभ करता येईल. भाईंदरहून चर्चगेटची गाडी धरून टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीत अशा जुन्या ग्रंथांची चौकशी करा.

सहीची महाग प्रत आपल्यापैकी फार थोड्यांना परवडेल. पण येत्या सुटीत आजीआजोबांजवळ बसून घरातल्या शिपायाची हकीकत विचारून घ्या. ती वहीत लिहा, सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या, तारीख घाला. असा ग्रंथ विकत मिळत नाही. तो आपल्यालाच लिहावा लागतो, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच.